नागूमामानं सांगितलेला दुसरा भाग

नागूमामाला इंग्रजी येत नव्हतं, आणि आमच्या लोह्यात इंग्रजी पिक्चर लोकांना समजावून सांगायचं काम त्याचंच होतं. ह्या दोन्ही गोष्टी अख्ख्या गावाला ठाऊक होत्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाजाराच्या मैदानापलीकडं दर उन्हाळ्यात सिनेमाचा तंबू पडायचा. मधून दोरी बांधून तिच्यावर कनात टाकलेली, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. बसायला ज्याचं त्यानं घरून पोतं आणायचं. हिंदी पिक्चर असला की मामा दारावर तिकिटं फाडायचा. पण इंग्रजी लागला की तो इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून, पडद्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर माईक घेऊन बसायचा. पडद्यावरची गोरी माणसं तोंड हलवू लागली की त्यांच्यावर आवाज चढवून सांगायचा, "आता ही बया म्हनायलीय, तू आदी दोन घास खा, मग जा लढाईला." लोक बघायचे पडद्याकडं आणि ऐकायचे मामाचं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, उदगीरचा. मॅट्रिकला इंग्रजीत तीनदा नापास झाल्यावर आजोबांनी त्याला आमच्याकडं पाठवून दिलं, जावयाच्या दुकानात हाताखाली राहील म्हणून. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मामा गिऱ्हाइकाला पुस्तक द्यायच्या आधी त्यातली गोष्टच सांगून टाकायचा, मग गिऱ्हाईक पुस्तक न घेताच समाधानानं घरी जायचं. सहा महिन्यांत अप्पांनी हात टेकले. तेवढ्यात तंबूच्या मालकानं मामाची बडबड ऐकली आणि त्याला उचललं. दुकान सुटलं तरी जेवायला-झोपायला मामा आमच्याकडंच. सकाळी अप्पांची लिंगपूजा होईपर्यंत घरात कुणी अन्नाला शिवायचं नाही. मग सगळे भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायचे, आणि मामाच्या ताटात भाकरी पडली की अप्पा ठरलेला विनोद करायचे. "आमचे मेव्हणे इंग्रजीत तीनदा गटांगळ्या खाऊन आले, आणि आता गोऱ्यांना बोलायला शिकवायलेत." आई खाली बघायची. मामा सगळ्यांत मोठ्यांदा हसायचा. मीही हसायचे, कारण मला अप्पांचा विनोद आवडायचा.

त्या वर्षी दुष्काळ होता. दुष्काळ म्हटलं की लोक भेगाळलेली जमीन सांगतात. मला आठवतो तो आवाज. रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटत नेण्याचा आवाज पहाटेपासून गल्लीत सुरू व्हायचा. टँकरचा हॉर्न वाजला की वर्गातल्या निम्म्या मुली मास्तरांना न विचारता उठायच्या, आणि मास्तरही खडू ठेवून आपली बादली शोधायचे. टँकरपाशी जे व्हायचं ते आज सांगायला नको वाटतं. एरवी एकमेकींच्या पोरांना तेल-पाणी करणाऱ्या बाया तिथं झिंज्या धरायच्या. आठवड्यातले पाच दिवस घरी हुलगे भरडून केलेलं पातळ माडगं आणि कारळाची चटणी. तंबूतही मालकानं जमिनीवर पाणी शिंपडायचं बंद केलं होतं. लोक आत आले की एवढा फुफाटा उडायचा की मशीनमधून पडद्यावर जाणारा उजेड पांढऱ्या तुळईसारखा दिसायचा.

त्या उन्हाळ्यात तो पिक्चर आला. नाव आम्हाला कधी वाचता आलं नाही, आम्ही त्याला 'लोखंड्या' म्हणायचो. दुसऱ्या कुठल्याशा ताऱ्यावरून यंत्रमाणसांची फौज पृथ्वीवर येते, आणि त्यांतला एक यंत्रमाणूस फुटून आपल्या बाजूला येतो, तो लोखंड्या. मामाची कामाची एक रीत होती. पिक्चरच्या रिळांची पेटी एसटीवरून उतरली की मालक, मशीनवाला आणि मामा असे तिघंच एकदा पिक्चर बघून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी मामा बाजारातून काही न घेता दोन तास नुसता हिंडायचा. भाजीवाल्या काय बोलतात, टँकरवाल्याला काय शिव्या पडतात, लेकीच्या सासरचं कोण काय सांगतं, सगळं ऐकून घ्यायचा. बाजारात जे ऐकलं ते संध्याकाळी गोऱ्यांच्या तोंडी यायचं. लोखंड्याच्या पिक्चरमध्ये शत्रूच्या जहाजात काचेच्या उंच नळ्या होत्या आणि त्यांत निळं काहीतरी चमकत असायचं. मामानं माईकमध्ये फुंकर मारली आणि म्हणाला, "बगा मंडळी! त्यांच्या ताऱ्यावरलं पानी सरलंय. हे आपलं पानी हाय, आपल्या इहिरीतलं. भरून न्यायलेत चोर." मग माझ्या शेजारच्या म्हातारीनं खडा उचलून पडद्यावर मारला.

मी तो पिक्चर सात वेळा पाहिला. मामाची भाची म्हणून मला दारावर कुणी अडवायचं नाही. लोखंड्याला आपल्या कोठीत लपवून त्याच्या सांध्यांना तेल घालणारी एक म्हातारी होती, मामानं तिला त्याची मानलेली आई केलं होतं. पांढरा कोट घातलेली एक शास्त्रज्ञ बाई होती, तिला किंचाळून पळण्याखेरीज काही कामच नव्हतं. शेवटी लोखंड्या वाळूखाली गाडला जातो, फक्त त्याचा एक हात वर राहतो, आणि पाण्याच्या नळ्या घेऊन जहाज उडून जातं. मग पडद्यावर मोठाली अक्षरं यायची. मामा सांगायचा, "हितं लिवलंय, राहिलेली गोष्ट दुसऱ्या भागात." पुढं कळलं की तिथं नुसतं 'समाप्त' लिहिलेलं होतं. पण दुसरा भाग खरंच आला, म्हणजे मामा चुकून का होईना बरोबर निघाला.

दुसऱ्या भागाच्या आशेनं मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं. दुकानातली एक शंभरपानी वही अप्पांना न विचारता घेतली आणि तिच्यावर 'दुसऱ्या भागात काय पाहिजे' असं लिहून सुधारणा मांडायला बसले. चौदा पानं भरली. लोखंड्या वाळूतून उठलाच पाहिजे, पण लगेच नको, लोकांना थोडं रडू द्या. मारामारी निम्मी करा. पहिल्या भागात इतकी माणसं मरतात की मरणाऱ्याची आई कोण हेसुद्धा कळत नाही. कोटवाल्या बाईला गाडी चालवू द्या, एवढी शिकलेली बाई नुसती पळते हे बरं दिसत नाही. शत्रूच्या सरदारालाही ताऱ्यावर तहानलेलं लेकरू असावं, म्हणजे तो वाईट का झाला ते समजेल. आणि सगळ्यांत शेवटी, तीन वेळा खाडाखोड करून लिहिलेलं: पाणी परत आणा, पण पाणी आलं की लोकांनी भांडू नये. सगळ्यांनी गुमान ओळीत उभं राहावं आणि पहिली घागर लोखंड्याच्या म्हातारीला द्यावी, कारण तिच्या घरात पाणी आणायला दुसरं कुणी नाही.

"काय लिवायलीस अव्वा?" मामानं विचारलं. अव्वा म्हणजे कानडीत आई. उदगीरकडं लेकीबाळींनाही लाडानं अव्वाच म्हणतात. मी वही पाठीमागं लपवली, पण त्यानं ती काढून घेतली. उंबऱ्यावर बसून ओळीखाली बोट फिरवत त्यानं चौदाच्या चौदा पानं वाचली. मी समोर उभी होते. अप्पांसारखा हा पण काहीतरी विनोद करणार असं वाटत होतं.

"लई भारी," तो म्हणाला. "कंपनीवाल्यांना अक्कल न्हाई, तुला हाय. दे हिकडं. कंपनीला धाडतो."

"पत्ता हाय का तुझ्याकडं?"

"पेटीवर असतोय की."

त्यानं वही खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नीट बांधली. मी पुढचे चार महिने पोस्टमनची वाट पाहिली. कंपनीचं उत्तर इंग्रजीत आलं तर वाचता यावं म्हणून इंग्रजीचा अभ्यास करायला लागले आणि वर्गात पहिली आले. माझ्या इंग्रजीचा उगम हा असा आहे. पुढं तीस वर्षं मी तीच भाषा शिकवून पोट भरलं, आणि कौतुक करणाऱ्या कुणालाही हे सांगितलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. कालपरवापर्यंत कागदांसाठी उस्मानाबादला चकरा मारणारी माणसं पानपट्टीवर उभी राहून 'आमचं कलेक्टर ऑफिस' म्हणायला लागली. कचेऱ्या मिळेल त्या भाड्याच्या घरात घुसल्या. आमच्या गल्लीतल्या एका कचेरीत तर साहेबाच्या टेबलामागं घरमालकाचं देवघर होतं. इतक्या कचेऱ्यांना फायली, टाचण्या, शाई, लाल फीत लागणार असा हिशेब करून अप्पांनी लोह्याचं दुकान आवरलं आणि बिऱ्हाड लातूरला हलवलं. पाण्याची बोंब तिथंही तीच, फक्त आता नळ होते आणि ते आठ दिवसांनी यायचे. मामा आला नाही. तंबूबरोबर उमरी, कंधार, देगलूर असा हिंडत राहिला. मी कॉलेजात अकरावीला गेले, दोन वेण्यांची एक वेणी केली, आणि 'हाय-न्हाई' टाकून 'आहे-नाही' बोलायला शिकले.

हे शिकवलं वैशालीनं. तिचे वडील नव्या जिल्ह्यात बदली होऊन आलेले अधिकारी, घरचे सगळे पुण्याचे. ती इंग्रजी कादंबऱ्या वाचायची आणि वाचताना हसायची. पुस्तक वाचून हसू येतं, म्हणजे भाषा थेट पोटात उतरते, ह्याचं मला भयंकर आकर्षण वाटायचं. तिच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून मी तिची पाण्याची बाटली भरून आणायचे. एकदा बोलता बोलता मी तिला सांगून टाकलं की माझे मामा फिल्म लाइनमध्ये आहेत. तिनं डोळे मोठे केले. मी पुढं काही बोलले नाही आणि तिनंही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती मला घरी बोलवायला लागली.

त्याच उन्हाळ्यात तंबू लातूरला आला, नांदेड रस्त्याला, वस्ती संपते तिथं. दुपारी मामा घरी जेवायला आला तेव्हा वाळून गेला होता, पण सदरा इस्त्रीचाच. आईनं त्याला माडगं वाढलं. तो आईशी हळू आवाजात बोलत होता आणि मी आतून ऐकत होते. आता गावोगाव व्हिडिओ आलाय, मालक म्हणतो इंग्रजी पिक्चर आणि तो सांगायला माणूस, दोन्ही परवडत नाही. लोखंड्याचा दुसरा भाग मालकानं शेवटचा म्हणून आणलाय. लातूर मोठं गाव, इथं महिनाभर चालला तर मामाला ठेवणार, नाहीतर तुझं तू बघ. आई म्हणाली, "चालंल रे." मामा म्हणाला, "चालनार म्हंजे! ह्या टायमाला गोष्टच तशी हाय." मग मला हाक मारली. "अव्वा, उद्या पयल्या खेळाला ये बरं का. तुझ्यासाठी एक गंमत हाय."

मला त्याचं 'अव्वा' ऐकून दाराकडं बघावंसं वाटलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. जायचं नाही असंच मी ठरवलं होतं. पण तंबूची पोस्टरं वैशालीच्या घरापर्यंत लागली होती, आणि तिला तंबूतला सिनेमा म्हणजे काय ते एकदा बघायचंच होतं. "किती मजा येईल!" ती म्हणाली. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. माईकवर बोलणारा माणूस माझा मामा आहे हे तिला कळायचं काही कारण नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दिवेलागणीला पहिला खेळ होता. तंबू भरला होता. रस्त्याच्या कामावर खडी फोडून तशाच आलेल्या बाया होत्या, त्यांच्या लुगड्यांना पांढरी भुकटी लागलेली. वैशालीनं रुमाल पसरला आणि त्यावर बसली, मी तिच्या रुमालाच्या कडेला. मामा स्टुलावर येऊन बसला, माईकमध्ये फुंकर मारली, आणि बायकांच्या बाजूला नजर टाकून मला शोधलं. मी मान खाली घातली.

पहिला अर्धा तास ठीक गेला. वैशाली कानाशी लागून खरं काय चाललंय ते सांगायची आणि मामाचं ऐकून तोंडावर हात धरून हसायची. मीही हसत होते. मला आता कळत होतं, सगळं नाही, पण बरंच. निळ्या नळ्यांत पाणी नव्हतंच कधी, ते कसलंसं इंधन होतं. लोखंड्या वाळूतून उठला, पण त्याला कुणी रडत नव्हतं, त्याला शत्रूच्या कारखान्यात दुरुस्त करून उठवलं होतं. पण मामा सांगत होता, "थांबा, लगीच उटायचा न्हाई त्यो. जरा रडून घ्या." आणि बाया खरंच डोळ्याला पदर लावत होत्या.

इथं माझं हसू थांबलं. हे वाक्य मी कुठंतरी वाचलं होतं.

मग शत्रूचा सरदार खिडकीशी उभा राहून हुकूम द्यायला लागला, आणि मामा म्हणाला, "त्याचं बी लेकरू तान्हेलं हाय मंडळी, वर ताऱ्यावर. बाप हाय त्यो बी." बाप्यांच्या बाजूनं कुणीतरी 'अरारा' केलं. कोटवाली बाई एका बंद खोलीत अडकली होती, तरी मामा सांगत होता की ही आता गाडी चालवायला निघाली, एवढी शिकलेली बाई, नुसती पळंल का? माझी वही. कंपनीला गेलेली वही. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पंधरा वर्षांची असताना लिहिलेली ती चौदा पानं मामा भर तंबूत एकेक करून वाजवत होता, आणि लातूरच्या चारशे माणसांना ती पटत होती. आज मी हे लिहिताना माझा ऊर भरून येतो. तेव्हा फक्त एवढंच वाटत होतं की वैशालीला कळू नये.

"हे कोणाच्या डोक्यातून निघालंय गं?" वैशाली हसून हसून डोळे पुसत म्हणाली. "एखाद्या खुळ्या पोरीनं लिहून दिल्यासारखं आहे!"

पडद्यावर सगळी माणसं सैरावैरा धावत होती आणि कोटवाली बाई दारातून हात हलवून ओरडत होती. मामानं आवाज एकदम खाली आणला. "बाई म्हनायलीय, पानी आलं. आता कुनी भांडायचं न्हाई. गुमान वळीत उबं राहा. आन पयली घागर म्हातारीला द्या, तिच्या घरात पानी आनायला दुसरं कुनी न्हाई." माझ्या पुढं बसलेली खडी फोडणारी बाई शेजारणीला म्हणाली, "बराबर बोलली बग." शेजारणीनं मान हलवली. काल-परवा कदाचित त्या दोघींनीच एकमेकींच्या झिंज्या धरल्या असतील.

मामानं माईक तोंडाजवळ घेतला, आणि त्याच्या आवाजात आता हसू होतं. "मंडळी, ही सगळी गोष्ट सुचली कुनाला सांगू का? हितंच बसलीय ती आपल्यात. आमची..."

मी उभी राहिले. का, कशी, मला माहीत नाही असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण मला चांगलं माहीत आहे. माझं नाव त्याच्या तोंडून बाहेर पडायच्या आत त्याचं तोंड बंद करायचं होतं.

"खोटं आहे हे!" मी ओरडले, स्वच्छ, वैशालीच्या मराठीत. "ती बाई असं काहीही म्हणत नाहीये! ह्या माणसाला इंग्रजी येत नाही. तीनदा नापास झालाय हा इंग्रजीत! तुम्हाला फसवतोय!"

लोह्यात मी हे ओरडले असते तर लोक म्हणाले असते, माहीत हाय, बस खाली. पण हे लातूर होतं. इथं कुणाला ठाऊक नव्हतं. चारशे माणसांच्या माना आधी माझ्याकडं वळल्या आणि मग मामाकडं. तो स्टुलावरून अर्धवट उठला होता. फुफाट्यातून येणाऱ्या त्या उजेडात त्याचा एक गाल आणि इस्त्रीची कॉलर दिसत होती. त्यानं मला ओळखलं होतं. 'तीनदा नापास' हे लातुरात दुसऱ्या कुणाला माहीत असणार? तो चिडला असता, ही माझी भाची आहे म्हणाला असता, तर मी मेलेच असते. त्याच्या हातात माईक होता.

"पोरगी शिकलेली हाय," तो माईकमध्ये म्हणाला. "खरं बोलली." आणि त्यानं माईकचं बटन बंद केलं.

मग पिक्चर तसाच चालू राहिला. इंग्रजी बोलणं, धडाधड स्फोट, आणि कुणाला काही कळेना. लोक थोडा वेळ बसले. पुढची बाई मला म्हणाली, "म्हातारीला भेटली का मग घागर?" मी म्हणाले, "तसं काही नाहीये हो ह्याच्यात." तिनं पोतं गोळा केलं आणि उठली. बाकीच्या बायाही एकेक करून उठल्या. कुणी आरडाओरडा केला नाही, ते केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. परत जाताना वैशालीनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "काय धीट आहेस गं तू!" तिच्याकडून मिळालेली ती सगळ्यांत मोठी शाबासकी होती, आणि मला ती नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा घरी आला. गल्लीतल्या कुणीतरी आईला रात्रीच सगळं सांगितलं होतं. आईनं मला एकच विचारलं होतं, "तीनदा नापास बी तूच म्हनलीस?" आणि मग बोलणं टाकलं होतं. अप्पांची पूजा झाली, आम्ही ओळीनं बसलो, मामाच्या ताटात भाकरी पडली. ह्या वेळेला अप्पा ठरलेला विनोद करायचे. अप्पांनी मामाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि वाटी मामाकडं सरकवून म्हणाले, "नागनाथ, माडगं घ्या अजून." तो विनोद त्यांनी पुन्हा कधी केला नाही. माझ्या तोंडून तो कसा ऐकू येतो हे त्यांना कळलं असावं.

हात धुऊन झाल्यावर मामानं पिशवीतून ती वही काढली. अजून त्याच प्लॅस्टिकमध्ये होती, कोपरे न दुमडलेली. "हे तुझं राहिलं व्हतं माझ्याकडं," म्हणाला. मी ती घेतली. माफी मागायचे शब्द ओठांपर्यंत आले होते, पण मी वाट बघत होते की आधी तो रागवेल. त्यानं चपला घातल्या, परत काढल्या, आणि अगदी मनापासून विचारलं, "अव्वा, ती बाई खरं काय म्हनत व्हती गं?"

"म्हणत होती, पळा. इथं स्फोट होणार आहे."

"एवडंच?"

"एवढंच."

त्यानं चपला परत पायात सरकवल्या. "इतकी मानसं, इतकं मोठं जहाज," तो म्हणाला, "आन एवडंच?"

मामाशिवाय तंबू तीन दिवस चालला आणि मग उठला. मामा उदगीरला परत गेला आणि एका डाळ मिलमध्ये कामाला लागला. तिथं म्हणे तो फार कमी बोलायचा. तिथल्या लोकांनी मला माझ्या लग्नात सांगितलं, तुमचे मामा लई गरीब स्वभावाचे, कामाशिवाय शब्द न्हाई. माफी मी मागितली, नाही असं नाही. दहा वर्षांनी, पोस्टकार्डावर, चार ओळींत. उत्तर आलं की इकडे सर्व खुशाल, पाऊस बरा आहे. वैशालीला तो माणूस कोण ते मी कधीच सांगितलं नाही. तिचे वडील बदलून गेले, आणि हल्ली तिचा चेहराही मला नीट आठवत नाही. जिच्यासाठी हे सगळं केलं तिचा चेहरा आठवू नये, ह्याची लाज वेगळीच आहे.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना मामा एकदा नांदेडला आमच्याकडं चार दिवस राहायला आला. केस पिकले होते, सदरा इस्त्रीचा. संध्याकाळी टीव्हीवर कसलासा इंग्रजी पिक्चर लागला होता, यंत्रमाणसांचाच. मी आत भाकरी थापत होते. मुलगी मामाच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिनं विचारलं, "आजोबा, हे काय म्हणतायत?"

माझा हात परातीवर थांबला. बाहेर यंत्रांचा खडखडाट चालला होता. मी मनात म्हणत होते, सांग. काहीही सांग. पाणी आलं म्हणून सांग, ओळीत उभं राहा म्हणून सांग, म्हातारीला घागर मिळाली का ते सांग, मलाही ते अजून कळलेलं नाही. मी पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिले. मामानं माझ्याकडं पाहिलं आणि तो हसला, पूर्वीसारखंच, कसलाही डंख नसलेलं हसू.

"आईला इचार," तो तिला म्हणाला. "तिला येतंय."

मुलगी माझ्याकडं बघत होती. मी सांगितलं. पडद्यावर जे बोलत होते तेच, शब्दाला शब्द सांगितलं, आणि थोड्या वेळानं ती त्याच्या मांडीवरून उतरून बाहेर खेळायला गेली.